‘अपहार’ हा शब्द त्यांचा नव्हता

“मॅडम, अपहार म्हणजे नेमकं काय?” समोर बसलेल्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्याच हस्ताक्षरातल्या माफीनाम्याची झेरॉक्स होती आणि तिच्या दुसऱ्या ओळीत हाच शब्द होता.

चौकशीच्या नावाखाली वरिष्ठांनी खोटे सांगून लिहून घेतले, आता काही करता येईल का, असे विचारणारी माणसे माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांतला हा २०१८ सालचा अनुभव सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाकण परिसरातील एका कारखान्यात स्टोअर सांभाळत असत. मशीन शॉपला लागणारे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे यंत्रावर बसवायचे धातू कापणारे टणक तुकडे, त्यांच्या ताब्यात होते. हा नखाएवढा तुकडा, पण एकेकाची किंमत काही शे रुपये, आणि दहा नगांची डबी खिशात सहज मावते. मोजदादीत अशा सहा डब्या कमी भरल्या. पाळी संपताना एचआर मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले, मोबाईल बाहेर ठेवायला लावला आणि दार लावून तीन गोष्टी सांगितल्या: सीसीटीव्हीत सगळे दिसते आहे, दुसऱ्या पाळीच्या स्टोअरकीपरने तुमच्याविरुद्ध लिहून दिले आहे, आणि दोन ओळींची माफी लिहिलीत तर प्रकरण इथेच मिटेल, नाहीतर पोलिसांत द्यावे लागेल. घाबरलेल्या माणसाने साहेब सांगतील तसे लिहिले. चार दिवसांनी निलंबनाचा आदेश हाती पडला, आणि पाठोपाठ आलेल्या आरोपपत्राला तोच माफीनामा कबुलीजबाब म्हणून जोडलेला होता.

ते माझ्याकडे आले ते कायद्याच्या सल्ल्यासाठी नव्हे, तर झोप उडाली म्हणून. पत्नीने एका रात्री “खरं सांगा, घेतल्यात का?” असे विचारले होते आणि त्यावर ठामपणे ‘नाही’ म्हणायला त्यांची जीभ रेटली नव्हती. कॅमेऱ्यात दिसते म्हणतात, सोबतचा माणूस सांगतो म्हणतात, तर कदाचित आपल्याच हातून काही झाले असेल आणि आपल्याला आठवत नसेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. वरिष्ठ खोटे बोलणार नाहीत, असे गृहीत धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला हे अनेकदा दिसते: समोरच्यावर संशय घ्यायचा नाही म्हटल्यावर तो स्वतःवर घ्यावा लागतो. बनेल माणूस बहुधा “दाखवा फुटेज” म्हणून मोकळा होतो.

मी त्यांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे त्या केबिनमध्ये स्वतः पाहिलेले, उजवीकडे केवळ ऐकलेले. उजवी बाजू भरून पान उलटावे लागले. डावीकडे चारच गोष्टी होत्या: बंद दार, टेबलावरचा कोरा कागद, साहेबांचे पेन आणि भिंतीवरच्या घड्याळातली सव्वाचारची वेळ. फुटेज त्यांनी पाहिले नव्हते आणि सहकाऱ्याचा कागदही पाहिला नव्हता. त्या पानाकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी अपहाराचा अर्थ विचारला. अफरातफर, असे मी सांगितल्यावर म्हणाले, “मी तर स्लिप न घेता माल दिला, याची माफी मागत होतो.” रात्रपाळीत मशीन थांबले की सुपरवायझर ‘स्लिप नंतर देतो’ म्हणत इन्सर्ट घेऊन जात आणि ते देत. चूक खरी होती, पण ती चोरी नव्हती.

यापुढचा भाग कामगार कायद्याच्या जाणकार वकिलांचा होता. त्यांच्या पहिल्या भेटीला मी सोबत होते, म्हणून जे समजले ते सांगते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध चालत नाही, हे आपण ऐकलेले असते. तो नियम मॅनेजरला लागू होत नाही, आणि खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लावला जात नाही. त्यामुळे ‘साहेब खोटे बोलले, म्हणून माफीनामा आपोआप रद्द’ असे होत नाही. मात्र तो कागद म्हणजे निकालही नव्हे. आरोप स्पष्ट कळवले पाहिजेत, साक्षीदार कामगाराच्या समोर तपासले पाहिजेत, त्यांची उलटतपासणी करण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितले आहे. बँक कर्मचारी रूपसिंग नेगी यांच्या प्रकरणात तर २००८ च्या अखेरीस न्यायालयाने म्हटले की कागद नुसते हजर केले म्हणून त्यांतला मजकूर सिद्ध होत नाही. आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांनुसार, चौकशीत खात्यातला सहकारी किंवा आपल्या संघटनेचा पदाधिकारी बाजू मांडायला घेता येतो. निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि त्यानंतर, विलंबाला कामगार जबाबदार नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच प्रमाण आहे. बडतर्फी झालीच असती, तर बनावट पुराव्यावर किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, अशी तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ९० दिवसांत करता आली असती.

माफीऐवजी राजीनामा लिहून घेतला गेला असता तर घाई अधिक करावी लागली असती. दबावाने किंवा फसवून घेतलेली संमती मुक्त नसते हे १८७२ चा करार कायदा सांगतो, पण राजीनामा मागे घेत असल्याचे पत्र तो मंजूर होण्याआधी पोचलेले बरे. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या पत्राला जे वजन असते, ते दोन महिन्यांनी पाठवलेल्या पत्राला उरत नाही.

त्यांनी आरोपपत्राला उत्तर दिले, त्यात केबिनमधला प्रसंग वेळेसह लिहिला, माफीनाम्याचा मजकूर सांगून लिहवून घेतल्याचे नमूद केले आणि फुटेज व सहकाऱ्याचे निवेदन पाहायला मागितले. स्लिप न घेतल्याची चूक मात्र त्यांनी लपवली नाही. ती लपवावी असे त्यांच्या भावाचे मत होते. साहेबांच्या खोट्याला आपले खोटे जोडू नये, असे माझे होते.

चौकशीत एचआर मॅनेजर साक्षीला आले. उलटतपासणीत त्यांना मान्य करावे लागले की त्या आठवड्यात स्टोअरसमोरचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला होता, आणि सहकाऱ्याचे लेखी निवेदन असे काही नव्हतेच. अपहार सिद्ध झाला नाही. निष्काळजीपणा झाला, आणि त्यासाठी चार दिवसांचे विनावेतन निलंबन ही शिक्षा मिळाली. मॅनेजरांवर कारवाई झाल्याचे माझ्या कानावर आले नाही. ती होईल का, असे गृहस्थांनी मला सुरुवातीलाच विचारले होते, आणि त्याची आशा धरू नका, असे मी सांगून ठेवले होते.

त्या तीन थापांपैकी कॅमेऱ्याची थाप चौकशीत अर्ध्या तासात उघडी पडली; सहकाऱ्याविषयीची थाप मात्र पुरून उरली. हे दोघे नऊ वर्षे एकाच थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभे राहिलेले. निलंबनाच्या काळात सहकाऱ्याचे फोन आले ते यांनी उचलले नाहीत. पुढे कळले की त्यालाही त्याच केबिनमध्ये बसवून, यांनी त्याचे नाव घेतले आहे, असे सांगण्यात आले होते. त्याने काही लिहून दिले नाही एवढाच फरक. शेवटच्या भेटीत मी या मैत्रीविषयी विचारले. “बोलतो आता आम्ही,” ते म्हणाले, “पण मी लिहून दिलं आणि त्यानं नाही दिलं, हे मध्ये येतं.”

माफीनामा त्यांच्या फाईलमधून निघालेला नाही. त्याच्या मागे त्यांचे उत्तर लावलेले आहे. आवक शिक्का मारलेली त्याची प्रत त्यांनी मला दाखवली. ती घरी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असते.