जॉन कोलमन: ९८ सामन्यांतील ५३७ गोल कसे मोजावेत?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये गॉर्डन कोव्हेंट्रीच्या नावावर १,२९९ गोल असताना, ५३७ गोलांवर थांबलेल्या जॉन कोलमनचे नाव मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या पदकाला (कोलमन मेडल) का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे बेरीज फसवी ठरते. कोव्हेंट्रीने ते गोल ३०६ सामन्यांत केले, तर कोलमनला अवघे ९८ सामने मिळाले. दर सामन्याची त्याची सरासरी ५.४८ पडते. याच खेळातल्या पीटर हडसनची सरासरी (५.६४) त्याहून सरस आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मात्र आकड्यांमागचे नियम सहसा कोणी पाहत नाही. १९२५ ते १९३९ या काळात चेंडू सीमेबाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक दिली जात असे, आणि १९६९ पासून टप्पा न पडता थेट बाहेर गेलेल्या चेंडूसाठी ती पुन्हा सुरू झाली. कोलमन खेळला तो नेमका मधल्या काळात. तेव्हा संकटात सापडलेल्या बचावपटूने मारलेला चेंडू थेट सीमेपार गेला, तरी तेवढ्यावरून फ्री किक मिळत नसे; पंच तो पुन्हा आत फेकत. आक्रमणाला अशी खीळ बसत असताना पाचच्या वर सरासरी राखणे मला अधिक मोलाचे वाटते.

पोर्ट फेरीत जन्मलेला हा उंच उडीचा फुल-फॉरवर्ड (गोलजवळ खेळणारा मुख्य आक्रमक) १९४९ मध्ये एसेन्डन क्लबकडून हॉथॉर्नविरुद्ध प्रथम उतरला आणि त्याच सामन्यात त्याने १२ गोल केले. त्या मोसमातला शंभरावा गोल त्याने थेट अंतिम सामन्यात, कार्लटनविरुद्ध नोंदवला. पुढच्या वर्षी १२० गोल झाले आणि एसेन्डनने दोन्ही वर्षी विजेतेपद मिळवले.

१९५१ ची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. साखळीतील शेवटच्या सामन्यात कार्लटनच्या हॅरी कॅस्परने डिवचल्यावर कोलमनने उलट हात उचलला, आणि दोघांवरही चार सामन्यांची बंदी आली. त्याच्याविना एसेन्डनने अंतिम सामना जीलाँगविरुद्ध ११ गुणांनी, म्हणजे दोन गोलांहूनही कमी फरकाने (एका गोलाचे सहा गुण), गमावला. त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा जीलाँगचा जॉर्ज गोनिनन हा आधी एसेन्डनचाच खेळाडू. कोलमन असताना त्याला त्या जागी संधी मिळणे कठीणच होते!

१९५२ मध्ये १०३ आणि १९५३ मध्ये ९७ गोल झाले. १९५४ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध त्याने १४ गोल केले, ही त्याची सर्वोच्च कामगिरी; पण पुढच्याच आठवड्यात नॉर्थ मेलबर्नविरुद्ध गुडघा निखळला आणि वयाच्या पंचविशीतच त्याची कारकीर्द संपली.

प्रशिक्षक म्हणून त्याने एसेन्डनला १९६२ आणि १९६५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. १९७३ मध्ये, ४४ व्या वर्षी, तो वारला. पदकाला त्याचे नाव १९८१ पासून आहे. ते साखळी सामन्यांतल्या गोलांवरच दिले जाते, त्यामुळे कोलमनचा अंतिम सामन्यातला तो शंभरावा गोल आजच्या हिशेबात धरला गेला नसता.