दहाव्याला जा

प्रिय चिरंजीव,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. ख्रिस्ती असून, गेलेल्या हिंदू मित्राच्या दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वरापाशी गेलं तर चालेल का, ही एक. आणि तो मित्र आता कुठं आहे, ही दुसरी. पहिलीचं उत्तर एका शब्दाचं आहे: जा. दुसरीसाठी हे पत्र.

सध्या तुला भेटणारा प्रत्येक जण काहीतरी सांगत असेल. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्याची वेळ भरली होती. देवाची इच्छा. आपल्या चर्चच्या मंडळीतलेही हेच म्हणतील, आणि मायेनंच म्हणतील. ऐकून घे, वाद घालू नकोस, पण मनाला लावून घेऊ नकोस. बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा बॅडमिंटनच्या कोर्टवर कोसळतो, तो देवाला हवा होता म्हणून, असं पवित्र शास्त्रानं मला तरी कुठं शिकवलेलं नाही. येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूच्या कामाचं कौतुक आपण कशाला करायचं? येशूच्या काळात शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं दगावली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूनं लोकांना विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. ती का मेली याचं कारण मात्र त्यानं दिलं नाही. आपणही देऊ नये.

‘सर, त्या संध्याकाळी मी खेळायला गेलो असतो तर’ असं तू लिहिलंस. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. लाजर जाऊन चार दिवस झालेत, आणि मार्था येशूला गाठून पहिलं काय म्हणते? आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते, तीही तेच म्हणते. दोघी बहिणी चार दिवस घरात हेच एकमेकींना ऐकवत असणार. येशू त्यांना गप्प करत नाही, विश्वासात कमी पडलात असं म्हणत नाही. तो रडतो. थोड्याच वेळात लाजराला कबरेतून हाक मारायची आहे हे ठाऊक असून रडतो. म्हणून रविवारी कुणी ‘ख्रिस्ती माणसानं असं रडू नये’ म्हणालं, तर त्याला हा अध्याय दाखव. थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन तुला हमखास ऐकवतील, पण ते आपल्याकडे अर्धंच वापरतात. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल म्हणतो. खेदच करू नका, असं तो म्हणालेला नाही.

आता आशा कसली, ते. दर रविवारी आपण मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यात शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन येतं. पाठ असल्यामुळं घडाघडा म्हणून टाकतो, थांबत नाही. आपला विश्वास ‘आत्मा सुटला, तारा झाला’ असा नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि शिष्यांसमोर बसून त्यानं भाजलेला मासा खाल्ला. म्हणजे माणूस अख्खा उठणार, ओळखू येईल असा. तो दिवस येईपर्यंत मेलेली माणसं कुठं असतात, यावर मात्र मंडळ्यांचं एकमत नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशूनं ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं. दुसरीकडे पौल मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो. तुझ्या आईचं माहेर कॅथलिक, तेव्हा २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावताना तू लहानपणी पाहिलंच असशील. त्यांच्याकडे शुद्धीस्थानाची, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो अशी, शिकवण आहे, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होतो. आपण प्रॉटेस्टंट मृतासाठी देवाचे आभार मानतो आणि त्याला देवाच्या हाती सोडतो. आणि वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं दार बंद झालं तेव्हा तुझ्या मनात जे आलं, त्याची धास्ती धरू नकोस. कबरेतही शेवटी मातीच होते. कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे, तीही पुनरुत्थानावरचा विश्वास तसाच ठेवून.

पण तुझा खरा प्रश्न हा नाहीच. तो ख्रिस्ती नव्हता. त्याचं काय, हा आहे. आणि तो विचारायला तू घाबरलास, कारण उत्तर कुणाकडून तरी आधीच ऐकलं आहेस.

असं बघ, मराठी मंडळीत हा प्रश्न विचारणारा तू पहिला नाहीस. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न उरात घेऊनच बाप्तिस्म्याला उभा राहिला असणार, कारण प्रत्येकाचे आईबाप, आजेआजी जुन्या धर्मातच गेलेले. पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात भटकताना वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. आणि त्यानंतर चार वर्षांनी त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते त्यांनी वाहिलं आईला. भागवत शिकवणाऱ्या, हिंदू म्हणून जगलेल्या आणि मेलेल्या आईला. तिच्या संस्कारांनी आपल्या आयुष्याला प्रकाश दिला, वाट दाखवली, असं अर्पणपत्रिकेत लिहिलं. ख्रिस्तासाठी सगळं सोडणाऱ्या बाईनं आईचं ऋण नाकारलं नाही. तुझ्या मित्राचं ऋणही तसंच उजळ माथ्यानं मानता येईल तुला.

मग तो कुठं आहे? तारणाचा मार्ग ख्रिस्त आहे, हे मी सोडत नाही. पण कुणाला त्या मार्गावर कधी आणि कसं गाठायचं, हे ख्रिस्तानं माझ्या हाती दिलेलं नाही. त्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तो एकदाही शब्बाथ शाळेत बसला नव्हता. सर्व जगाचा न्यायाधीश न्यायच करील ना, असं अब्राहामानं देवाला तोंडावर विचारलं होतं, आणि देव रागावला नाही. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधत जगले, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं कॅथलिक धर्मपरिषदेनं १९६४ मध्ये म्हटलं. आमच्यातल्या काही पाळकांना हे ढिलं वाटतं. मला वाटत नाही. पण दोन कामं तू करू नकोस. त्याला नरकात घालू नकोस, आणि स्वर्गाचा दाखलाही तू फाडून देऊ नकोस. दोन्ही अधिकार आपले नाहीत. तुझ्यापेक्षा ज्याचा त्याच्यावर जास्त जीव आहे, निकाल त्याच्याकडे आहे. मला एवढं पुरतं. तुला आज पुरणार नाही, तेही ठीक.

आता दहावा. पुनर्जन्म आपण मानत नाही. एकदाच मरणं आणि मग न्याय, असं आपलं शास्त्र सांगतं. तेव्हा पिंडाला हात लावायचा नाही, आणि ते तुला लावायला सांगणारही नाहीत. बाकी उभा राहा. कावळा शिवायला वेळ लागला की घरातलं कुणीतरी पुढं होऊन मोठ्यानं म्हणतं, काळजी करू नकोस, आईकडे आम्ही बघू, धाकटीचं शिक्षण पुरं करू. कावळ्यावरचा तो विश्वास तू ठेवायला नको. पण ते वचन ऐक, आणि त्यातलं तुझ्या वाट्याचं काय ते मनाशी ठरव. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, हे रोमकरांतलं वचन ख्रिस्ती घरापुरतं लिहिलेलं नाही.

त्याचा डबा तुझ्याकडे राहिलाय म्हणालास. तो धुऊन कपाटात ठेवू नकोस. सुतक फिटेपर्यंत त्यांच्याकडे चूल पेटणार नसेल, तर तुझ्या आईला पिठलं-भात करायला सांग आणि त्याच डब्यातून ने. काकूंना डबा बघून रडू येईल. येऊ दे, तू तिथंच बसून राहा. काय बोलायचं याची तयारी करून जाऊ नकोस. बायबलमधल्या ईयोबाच्या दुःखात त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते; तोंड उघडलं आणि घोटाळा झाला.

तेराव्यानंतर माणसं पांगतात. तू पुढच्या महिन्यात जा, दिवाळीत जा, त्याच्या वाढदिवसाला जा. फोनवर भागवू नकोस.

आणि तेराव्याला पानावर बसवलं तर काय, असं विचारशीलच. यावर मंडळीत दोन मतं आहेत. नैवेद्य म्हणून सांगून पुढं केलेलं खाऊ नये, हे पौल करिंथकरांना लिहितो. आणि अविश्वासी माणसानं बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा, हेही त्याच अध्यायात त्याच्या आधी लिहितो. मी तुझ्या जागी असतो तर चौकशी केली नसती. जेवलो असतो, आणि काकू जेवल्या का ते बघितलं असतं.

तुझा,
सर