एसयूव्हीच्या हिचवर चार सायकलींसाठी कोणता रॅक घ्यावा?
चार जणांच्या सायकली न्यायच्या असतील, तर आधी गाडीच्या हिच रिसीव्हरचे (मागच्या बंपरखाली रॅक किंवा ट्रेलर जोडायच्या चौकोनी नळीचे) तोंड 1.25 इंची आहे की 2 इंची, हे मोजावे आणि हिचवर उभा भार (खाली दाबणारे वजन) किती चालतो, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. कारण रॅकचे स्वतःचे वजन आणि सायकलींचे वजन मिळून त्या मर्यादेत बसले पाहिजे. चार सायकलींना बहुधा 2 इंचीच लागते. दांडीला टांगायचा रॅक हलका व स्वस्त असतो, परंतु मुलांच्या छोट्या सायकली त्यावर नीट बसत नाहीत (सायकलीच्या सांगाड्याच्या आडव्या नळीऐवजी वेगळी जोडदांडी लावण्याचा खटाटोप करावा लागतो), म्हणून चाके धरणारा प्लॅटफॉर्म रॅकच मी सुचवेन. सायकली चढवलेल्या असतानाही तो झुकवून मागचे दार उघडता येते का, हे मात्र विकत घेण्यापूर्वीच तपासावे.