चढावर दम सांभाळायचा, वेग नाही

तुम्ही विचारलंय, टेकड्यांवर धावल्यानं आयुष्यातल्या अडचणींना तोंड द्यायला खरंच मदत होते का, की नुसतं बोलायला बरं वाटतं म्हणून लोक तसं म्हणतात?

माझ्यापुरतं सांगतो, मदत होते. पण ती जिद्द वाढते म्हणून नाही. जिद्द सपाट रस्त्यावरही लागतेच. चढ शिकवतो ते एवढंच, की दम किती लावायचा ते आपण ठरवायचं आणि वेग जेवढा पडेल तेवढा पडू द्यायचा.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन बघा. 21 किलोमीटर. गावातून यवतेश्वरच्या घाटानं कासच्या रस्त्याला चढायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. घाटात एक वळण संपलं की दुसरं, पुढचं काही दिसत नाही. सपाटीवरचा वेग तिथं धरायला जाणारा लवकरच ओळखू येतो. खांदे कानाला टेकलेले, तोंड उघडं, आणि थोड्याच वेळात कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला. मुरलेले लोक घड्याळ बघतच नाहीत. पाऊल आखूड करतात, नजर चार पावलं पुढं ठेवतात आणि एखादं वाक्य सलग बोलता येईल एवढाच दम लावतात. ते जमेना झालं की सरळ चालायला लागतात. त्यात कसलाही कमीपणा नाही. खड्या चढावर भरभर चालणारा आणि रेटून धावणारा यांच्यात फारसं अंतर पडतही नाही.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मला हे उपयोगी पडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कधी बरे होतील?" याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं. मी आणि भावानं रात्री वाटून घेतल्या, ऑफिसातलं जादाचं काम सोडलं, घर पसरलेलं राहू दिलं. व्यायाम मात्र एकही दिवस चुकू दिला नाही. बाबा उजव्या हाताच्या बोटांनी ताटलीतला एकेक राजमा उचलून वाटीत टाकायचे. तो सुटायचा, पुन्हा उचलायचे. कधी वाटी भरायची, कधी तळही झाकायचा नाही. आम्ही दाणे मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.

उताराबद्दल मात्र लोक फार कमी बोलतात. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 32व्या किलोमीटरनंतर 'हार्टब्रेक हिल' लागते. उंची म्हणाल तर जेमतेम 27 मीटर. पण त्याआधीचा बराचसा रस्ता उताराचा असतो आणि तिथंच मांड्या थकलेल्या असतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, म्हणून त्याला चढापेक्षा जास्त इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

आमच्या घरीही तसंच झालं. बाबा काठी घेऊन चालायला लागले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मदतीला आलेली माणसं आपापल्या घरी गेली, आणि नेमकी तेव्हाच आई आजारी पडली. इतके दिवस ती उभीच होती. तेव्हापासून कुणाच्याही घरचं मोठं संकट टळलं, की मी त्यानंतरच्या महिन्यात मुद्दाम फोन करतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. टेकडी आपण स्वतः निवडतो, नको वाटलं तर मागं फिरता येतं. कर्ज, आजारपण, घरातलं माणूस जाणं यातून मागं फिरता येत नाही. त्यामुळं दुःखात असलेल्या माणसाला "हा एक चढ समज" असं कृपा करून सांगू नका. त्याच्याकडं डबा घेऊन जा.

स्वतः करून बघायचं असेल तर पुण्यात हनुमान टेकडी किंवा तळजाई पुरेशी आहे. आठवड्यातून एकदाच जा. चढताना बोलता येतंय का ते बघा, उतरताना लांब ढांगा टाकू नका, आणि गुडघा आधीपासून दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.