बांगडा, शेंगदाणे आणि जगाने मिळून ठरवलेल्या मर्यादा

प्रश्न (माहीम): बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात घरात तिघांचे चेहरे लाल झाले, अंगावर गांधी उठल्या. मासा कडक तळला होता, वासही नव्हता. मग झाले काय?

उत्तर: लक्षणे हिस्टामिनची, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणाऱ्या द्रव्याची, वाटतात. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. ते तळून जात नाही, गोठवूनही नाही. वास सुटण्याआधीच वाढलेले असू शकते. म्हणून सगळी काळजी चुलीआधीची.

जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2012 मध्ये हिशेब मांडला: निरोगी माणसाला 50 मिलिग्रॅमपर्यंत त्रास होत नाही, एका वेळचा मासा 250 ग्रॅम, म्हणून मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅम.

ससून डॉकला जाताना थर्माकोलचा डबा न्या. किलोभर माशाला किलोभर बर्फाचा चुरा, खाली-वर थर देऊन. आतडी आणि कल्ले लगेच काढून घ्या. जिवाणू तिथेच जास्त. घरी 4 अंशांखाली ठेवा. गोठवलेला मासा ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा. जिभेला मिरमिरला तर थुंका. श्वास लागला तर तातडीने रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते सांगा, कारण हा त्रास माशाच्या अॅलर्जीसारखाच दिसतो.

प्रश्न (लालबाग): शेंगदाणे भाजले की अफ्लाटॉक्सिन जाते ना? आणि युरोपची मर्यादा आपल्यापेक्षा कडक का?

उत्तर: काही अंशी कमी होते, पूर्ण जात नाही. हे विष बुरशीचे. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे कूट करण्याआधीच वेचून टाका. एकदा कूट झाले की ओळखणार कसे? पावसाळ्यात थोडेच आणा, हवाबंद डब्यात ठेवा.

प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यांना कोडेक्सची (वरच्याच दोन जागतिक संघटनांच्या अन्न-मानक आयोगाची) मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे; युरोपात थेट खायच्या दाण्यांना 4. कोडेक्सचे मानक कायदा नव्हे. 1995 पासूनच्या जागतिक व्यापार करारानुसार शास्त्रीय आधार दाखवून देशाला अधिक कडक होता येते. हिपॅटायटिस बी असलेल्यांना अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो, त्यामुळे आपल्याकडेही ढिलाई परवडणारी नाही.

प्रश्न (विलेपार्ले): कोडेक्सच्या बैठकांत भारताचे ऐकतात का?

उत्तर: हो. भारत 1964 पासून सदस्य आहे. मसाल्यांची कोडेक्स समिती 2013 मध्ये स्थापन झाली, तिचे यजमानपद भारताकडेच आहे. मिरी आणि जिऱ्याची जागतिक मानके तिथेच घडली.