बस कधी येणार हे सांगितलं म्हणून खटला

पेटंट ट्रोल म्हणजे नेमकं काय आणि सॉफ्टवेअर पेटंटचा सार्वजनिक सेवांवर खरंच परिणाम होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो, आणि तो थेट प्रवाशाच्या खिशापर्यंत पोचतो. वाहनांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम, म्हणून बसचंच उदाहरण देतो.

स्वतः काही बनवायचं नाही, विकायचं नाही, फक्त पेटंट पुढे करून पैसे वसूल करायचे, हा ज्यांचा धंदा ते पेटंट ट्रोल. (संशोधन करून त्याचे हक्क इतरांना वापरायला देणारी विद्यापीठं मी यात धरत नाही.)

लक्झेंबर्गच्या अरायव्हलस्टार कंपनीकडे वाहन येण्याची वेळ आधी कळवण्यासंबंधीची पेटंटं होती. त्यांच्या जोरावर तिने अमेरिकेतल्या बॉस्टन, शिकागोसारख्या शहरांच्या सार्वजनिक वाहतूक संस्थांना कोर्टात खेचलं. आता हे काम आतून कसं चालतं ते पाहा. बसमधला जीपीएस दर काही सेकंदांनी आपली जागा कळवतो. सर्व्हर पुढच्या थांब्यापर्यंतचं अंतर काढतो, त्याला वेगाने भागतो आणि 'बस ६ मिनिटांत' असा मेसेज सोडतो. खरी मेहनत पुढे असते: सिग्नल तुटला, रस्ता बंद म्हणून बस वळसा घालून गेली, दोन बसगाड्या एकामागोमाग आल्या, तरी आकडा खरा निघाला पाहिजे. ती मेहनत ज्याची त्याने करायची. अशा पेटंटमधले दावे (म्हणजे हक्क नेमका कशावर आहे याचं वर्णन) मात्र इतके मोघम लिहिलेले असतात की कुणीही कशीही वेळ कळवली तरी त्यात अडकावं.

मग संस्था लढत का नाहीत? कारण पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढायला लाखो डॉलर लागतात आणि तडजोडीची रक्कम मुद्दाम त्याहून बरीच कमी मागितलेली असते. हिशेब केला तर पैसे देऊन मोकळं होणंच स्वस्त पडतं. ते पैसे तिकिटातून आणि करातून जातात. शिवाय तडजोडीच्या अटी बहुतेक वेळा गुप्त, म्हणजे पुढच्या शहराला पैसे मागणारं पत्र आलं की त्याने पुन्हा पहिल्यापासून घाबरायचं. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

हा एकटेपणा मोडला तेव्हाच फरक पडला. जून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहतूक संस्थांच्या संघटनेने उलट अरायव्हलस्टारवरच दावा लावला. दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, संघटनेच्या सदस्य संस्थांवर यापुढे खटले भरणार नाही असं कंपनीने मान्य केलं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिस खटल्यात सांगितलं की अमूर्त कल्पना नुसती संगणकावर राबवली म्हणून तिला पेटंट मिळत नाही. त्यानंतर अशी बरीच पेटंटं कोर्टात टिकली नाहीत.

खटला न होताही नुकसान होतंच. जर्मनीतल्या म्युनिक शहराने आपले संगणक लिनक्स या मुक्त, कुणालाही वापरता येणाऱ्या संगणक प्रणालीवर न्यायचं ठरवलं होतं. २००४ च्या ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या धास्तीने निविदा थांबली आणि कायदेशीर सल्ला घेतल्यावरच काम पुढे सरकलं. पुढच्या वर्षी युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटसंबंधीचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. निविदेत 'पेटंटचा दावा आला तर भरपाई पुरवठादाराची' अशी अट असली की पाच-सहा माणसांची कंपनी अर्जच भरत नाही, तिचं काम कितीही चांगलं असो.

तुम्ही एखाद्या सार्वजनिक संस्थेत असाल आणि असं पत्र आलंच, तर पैसे देण्याआधी तुमच्यासारख्या दुसऱ्या संस्थांना फोन करा. तेच पत्र बहुधा त्यांच्याही टेबलावर असतं.