जुन्या गर्बर फाइल केआयकॅडमधे एडिट होतात का?

प्रश्न: जुन्या पॉवर सप्लायच्या बोर्डाच्या फक्त गर्बर (बोर्ड बनवायला कारखान्याला देतात त्या, लेअरच्या चित्रांच्या) आणि ड्रिल (भोकांच्या) फाइल आहेत, मूळ डिझाइन गेलं. एक कनेक्टर बदलायचाय, केआयकॅड या सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे जमेल का?

उत्तर: जमेल, पण गर्बरमधे फक्त आकार असतात, म्हणजे डी०१ ही कमांड आली की रेघ ओढ, डी०३ आली की तिथे पॅडचा (पार्ट सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेचा) ठसा मार, एवढंच, त्यामुळे कुठला पॅड कुठल्या पार्टचा हे साध्या गर्बरला माहीतच नसतं. गर्बव्ह्यूमधे (केआयकॅडसोबत येणारा गर्बर बघायचा प्रोग्राम) सगळे लेअर आणि ड्रिल उघडा, फाइल मेनूतून पीसीबी एडिटरला एक्सपोर्ट करा, कुठली फाइल कुठल्या लेअरवर जाणार ते तिथेच नीट निवडा. भोकं पॅडवर बसत नसतील तर ड्रिल फाइलचं युनिट आणि झिरोचं सेटिंग (आकड्यातले पुढचे की मागचे शून्य गाळलेत ते) बघा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. फुटप्रिंट (एका पार्टच्या पॅडचा गट) आणि नेट (कुठले पॅड एकमेकांना जोडलेत ती माहिती) परत येत नाहीत, म्हणून डीआरसी (केआयकॅडची डिझाइनच्या नियमांची तपासणी) पास झालं तरी त्यावर भरवसा ठेवू नका, मल्टिमीटरने जुना बोर्ड तपासा. पुढेही बदल होणार असतील तर मात्र माझं ऐका, स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) नव्याने काढा आणि गर्बर नुसता खाली ठेवून त्यावर ट्रॅक गिरवा, वेळ जातो पण मेन्सचा (घरच्या विजेचा) बोर्ड आहे हो.